शाळा सुटली, आता सोमवारी काय?

मागच्या अंकात, विशेष शाळेची वर्षं संपल्यावर आपली ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलंमुली घरातच कशी अडकून पडतात, याबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत : काम. म्हणून या वेळचा सगळा रकाना त्यालाच देते. पत्रं लांब होती, इथे थोडक्यात देते आहे. नावं कुणाचीच देत नाही.

ताई, नमस्कार. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, बोलतो ते दोन-तीन शब्दांत. शाळा सुटल्यावर त्याला एका ठिकाणी कागदी पिशव्या करायला आणि पणत्या रंगवायला पाठवत होते. सुरुवातीला गेला. आता पिशव्या फाडतो, रिक्षात बसायलाही तयार होत नाही. आमचं किराणा दुकान आहे. ह्यांचं म्हणणं, त्याला गल्ल्याजवळ बसवावं, म्हणजे माणसांची सवय होईल. पण बसवलं की कान झाकून आत पळतो. रात्री दुकान बंद झालं की मात्र स्वतःहून बरण्यांची लेबलं एका रेषेत लावून ठेवतो. त्याला कधी काम जमेल का, की मी उगाच आस धरून आहे? – एक आई, साखळी (गोवा)

आस सोडू नका. तो पिशव्या फाडतो, याचा अर्थ त्याने त्या कामाचा राजीनामा दिला आहे. बोलता येत नाही, म्हणून हाताने दिला.

पणत्या-पिशव्यांबद्दल माझं मत माझ्या काही सहकाऱ्यांना आवडत नाही, तरी सांगते. दिवाळीत प्रदर्शन भरतं, नातेवाईक आणि ओळखीचे लोक चार पणत्या नेतात, फोटो निघतात. दिवाळी सरली की त्या पणतीची गरज कुणालाच नसते. मग उरलेलं वर्षभर पिशव्या. दुपारी चिकटवलेल्या पिशव्या संध्याकाळी सोडवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांपुढे ठेवायचे कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. ज्याच्याकडे शब्द कमी आहेत त्यालाही कळतं, की आपण केलेलं कुणी नेत नाही. एखाद्या औषधाच्या दुकानाची पिशव्यांची नेमाने मागणी असेल, तर तेच काम खरं होतं. जे झालं नाही तर कुणाचं तरी अडतं आणि जे केल्यावर पैसे मिळतात, ते काम. बाकीचं सगळं दिवस ढकलणं झालं.

आता तुमच्या दुकानाकडे येऊ. गल्ला ही दुकानातली सगळ्यांत कठीण जागा आहे. तिथे गिऱ्हाईक अर्धं वाक्य बोलतं, तेवढ्यात दुसरं मध्येच घुसतं, फोन वाजतो, सुटे पैसे मागितले जातात, बाहेर बस हॉर्न वाजवते. ऑटिझम असलेल्या अनेकांना हे सगळे आवाज सारख्याच जोराने ऐकू येतात. त्यातला कामाचा कुठला आणि सोडून द्यायचा कुठला, ही निवड त्यांचा मेंदू आपल्यासारखी आपोआप करत नाही. तो पळतो ते माणसांची सवय नाही म्हणून नव्हे. त्याला रोज तिथे बसवल्याने सवय होणार नाही, धसका बसेल. तुमच्या ह्यांना हे माझ्या नावाने सांगा.

मागची खोली त्याची करा. किराण्यात सुटा माल भरण्याचं काम संपत नाही : तूरडाळ, पोहे, वाल, रवा, साखर. पोत्यातून अर्ध्या किलोच्या पुड्या. मिरचीपूड तूर्त नको, तिचा ठसका त्याला सोसेल की नाही ते नंतर बघता येईल. एक आकडेवाला काटा घ्या. काट्यावर किती दिसलं पाहिजे ते मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून शेजारी चिकटवा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७०च्या दशकात ऑटिस्टिक मुलांना शिकवायची 'टीच' नावाची पद्धत उभी केली. तिच्यातली एक गोष्ट मी आयुष्यभर वापरत आले. काम समोर ठेवलं की चार प्रश्नांची उत्तरं न बोलता डोळ्यांना दिसली पाहिजेत : काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, आणि त्यानंतर काय. तुमच्याकडे ते असं करता येईल. डावीकडे डाळीचा डबा आणि रिकाम्या पिशव्या, मोजून वीस. मध्ये काटा. उजवीकडे रिकामा क्रेट. डावीकडच्या पिशव्या संपल्या की काम संपलं. भिंतीवर त्यानंतरच्या गोष्टीचं चित्र : चहा. एवढं मांडलं की त्याला तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा. म्हणजे भरणं, तोलणं तुम्ही करा, पुडी बंद करून क्रेटमध्ये ठेवणं त्याला करू द्या. त्याच्या हातून रोज काहीतरी पुरं होतं आणि लगेच चहा येतो. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी, म्हणजे तोलणं, त्याच्याकडे द्या. असं मागे मागे येत पोत्यापर्यंत या.

आणि एक पथ्य. शिकवताना बोलू नका. आपण आया हे पथ्य पाळत नाही. 'हां, घे, आता ठेव, शाब्बास, दुसरी घे' असं चालूच असतं. हाताला धरून दाखवलेलं हळूहळू कमी करता येतं, पण शब्दांची मदत सोडवणं सगळ्यांत अवघड. 'आता ठेव' हे शब्द त्याच्या कामाचाच भाग होऊन बसतात आणि तुम्ही गप्प राहिलात की तो पुडी हातात धरून थांबतो. बोट दाखवा, कोपराला हलकेच स्पर्श करा, आणि थांबा. त्याला विचार करायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

मजुरी रोखीने, सुरुवातीला त्याच दिवशी, त्याच्या हातात. महिन्याअखेरच्या पगाराचा आणि आजच्या पुड्यांचा संबंध त्याला लागणार नाही. त्या पैशांतून त्याने स्वतः काहीतरी विकत घेतलं पाहिजे. भजी घेईना का! पुढे बँकेत त्याच्या नावाचं खातं काढा. कायदेशीर पालकत्वाची गरज पडली तर १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. ऑटिझम त्या कायद्यात पहिल्यापासून आहे. पण पालकत्वाचा कागद नाही म्हणून काम थांबवू नका, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

घरच्या दुकानातलं काम खरं का, असं कुणीतरी तुम्हाला म्हणेलच. वजन बरोबर आहे, गिऱ्हाईक पुडी नेतं आहे, त्याला मजुरी मिळते आहे, तर ते खरं. चवथीच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही, तेव्हा ह्यांनाही पटेल. मात्र वर्ष-दोन वर्षांनी दुसरं एखादं दुकान बघा. आईवडिलांच्या छपराबाहेर त्याला ओळखणारी चार माणसं असायला हवीत. तुमच्या पश्चात काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण मला तो दिसला.

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, सगळ्या बायकाच कामाला. शेजाऱ्यांची मुलगी २७ वर्षांची, ऑटिस्टिक आहे. दहावी झाली आहे, बोलते व्यवस्थित, पण कुठे टिकली नाही. तुमचा लेख वाचून वाटलं, तिला बोलवावं. पण यंत्रं आहेत, घाई असते, बायकांची थट्टामस्करी चालते. तिला नुसतं बसवून ठेवलं आणि महिन्याला काहीतरी दिलं तर चालेल ना? – एक कारखानदार, डिचोली तालुका

तुमच्या मनातला चांगुलपणा मला कळतो. पण नुसतं बसवून ठेवू नका. बसवून ठेवलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच समजतं की आपली इथे गरज नाही. बायकांनाही समजतं. महिन्याभरात कुणीतरी बोलून दाखवतं, मग ती घरी बसते. ती कुठे टिकली नाही म्हणता, तिथे कदाचित हेच झालं असेल.

तुमच्याकडे तिच्यासाठी काम आहे आणि ते तुमच्या धंद्यातलं नाजूक काम आहे : काजूगराची प्रतवारी. तुम्हाला मी काय सांगणार, पण वाचकांसाठी लिहिते. अख्ख्या पांढऱ्या गराची प्रत डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२० अशी आकड्यांनी ठरते. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. २१० आणि २४० मधला फरक नजरेने ओळखायचा, तोही परातींमागून पराती. बहुतेकांची नजर दुपारनंतर सैल पडते. बारीक फरक पटकन दिसणं आणि तेच ते काम करताना कंटाळा न येणं, हे ऑटिझम असलेल्या पुष्कळ जणांच्या अंगी असतं. सगळ्यांच्या नसतं, म्हणून आधी बघून घ्या.

बघून घ्यायचं ते मुलाखतीत नव्हे. 'स्वतःबद्दल सांग' म्हटलं की ती गप्प होईल किंवा भलतंच सांगेल. डेन्मार्कमध्ये एका ऑटिस्टिक मुलाच्या वडिलांनी, थोर्किल सोन यांनी, २००४मध्ये 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी काढली. त्यांनी ऑटिस्टिक माणसांना सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर घेतलं. तिथे मुलाखतीवर भर न ठेवता उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले आणि प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. तुमचा लेगो म्हणजे परात. एका फळीवर प्रत्येक प्रतीचे चार-चार नमुने चिकटवून तिच्यापुढे ठेवा, मिसळलेले गर द्या आणि आठवडाभर बघा. त्या आठवड्याचीही मजुरी द्या.

काजू फोडायच्या यंत्रावर तिला लावू नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं, तिथे नवख्या कुणालाच लावू नये. सालं काढायचं काम चालेल, पण त्याचा भुसा अंगाला लागलेला तिला सोसतो का, हातमोजे सोसतात का, हे आधी विचारा. काही जणांना असा स्पर्श खरोखर दुखतो, त्याला नखरे म्हणू नये.

बायकांशी तुम्ही स्वतः बोला, ती यायच्या आधी. तिच्या आजाराची कहाणी सांगायची नाही. ऑटिझम हा आजार नव्हेच. कसं बोलायचं ते सांगा. 'जरा हात चालव गो' याचा तिला काही बोध होणार नाही. 'ही परात जेवणाच्या सुट्टीआधी संपली पाहिजे' म्हटलं की होईल. उशीर झाला तर 'आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं' असं म्हणू नका, ती गोंधळेल. वीज गेली तर कुठे बसायचं, माल आला नाही तर काय करायचं, शौचालय कुठलं, रजा कुणाकडे मागायची, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. आणि एकच बाई नेमून द्या, जिला तिने काहीही विचारावं.

एक प्रसंग येणारच, त्याची तयारी ठेवा. शेजारणीच्या २१०च्या ढिगातून ती २४०चा गर उचलून सगळ्यांसमोर म्हणेल, 'हे चुकलंय.' ती खरं तेच बोलत असेल, आणि शेजारीण दुखावेल. तिला गप्प बसवू नका. एक वेगळी वाटी ठेवा : शंका असलेले गर त्यात टाकायचे, सुट्टीच्या वेळी नेमलेल्या बाईने बघायचे. कारखान्याचा फायदाच होईल.

मजुरीचं म्हणाल तर इतर बायकांना किलोमागे जो दर, तोच तिला. 'महिन्याला काहीतरी' हे शब्द डोक्यातून काढून टाका. सुरुवातीला तिचा वेग कमी असेल, तेव्हा नव्या बाईला शिकतानाच्या दिवसांत जे देता तेच द्या.

मी २६ वर्षांची आहे, पणजीत एका खाजगी कार्यालयात हिशेबाचं काम करते. दोन वर्षांपूर्वी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. काम चोख आहे, पण मोठ्या हॉलमधले दिवे, एसीचा आवाज, सगळ्यांनी मिळून जेवणं, यांनी मी इतकी थकते की घरी जाऊन बोलवत नाही. साहेबांना सांगावं का? सांगितलं तर काढतील का? सरकारी नोकरीत आमच्यासाठी जागा असतात म्हणे, ते खरं आहे का? – एक नोकरदार मुलगी, पणजी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते स्पष्ट आहे. हो, असतात. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले आणि त्यात तो आला. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षणही ३ वरून ४ टक्के झालं. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. म्हणजे वाटेकरी पुष्कळ. शिवाय कुठल्या पदांसाठी कुठलं दिव्यांगत्व चालतं हे ठरवून दिलेलं असतं, ते जाहिरातीत वाचायचं. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, 'स्वावलंबन'च्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तपासणीसाठी 'इसा' ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी वापरतात. तीत ४० मुद्दे आहेत आणि ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात. जाताना आईला किंवा वडिलांना बरोबर न्या, लहानपणाबद्दल विचारतात. तुमच्यासारख्या नीट बोलणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलीला 'तुला कुठे काय झालंय' असं ऐकावं लागू शकतं. म्हणून घरी गेल्यावर काय होतं, किती दिवस पडून राहता, हे लिहून न्या. समोर बसून आठवणार नाही.

साहेबांना सांगावं का? सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. मी सुचवीन की निदानाचं नाव आधी सांगू नका, गरज आधी सांगा. 'माझी जागा भिंतीकडे, दिव्यापासून दूर असेल तर माझ्या चुका कमी होतील.' 'तोंडी सांगितलेलं काम मला दोन ओळींत ईमेल करा.' 'मी जेवणाच्या सुट्टीत एकटी बसते, रागावलेली नसते.' यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. साहेबांनी हे ऐकून घेतलं तर पुढचं सांगायला हरकत नाही. 'असले लाड इथे चालत नाहीत' असं उत्तर आलं, तर त्या माणसाला निदान सांगून तुमचं भलं होणार नाही. तोवर दुसरीकडे अर्ज करायला लागा. मुलाखतीला बोलावलं की 'प्रश्न आधी पाठवाल का' असं विचारा. काही जण पाठवतात.

आणि थकव्याबद्दल. तुम्ही दिवसभर हिशेबाचं एक काम करता आणि इतरांसारखं दिसण्याचं दुसरं. दुसऱ्याचा पगार कुणी देत नाही. हॉलमध्ये कानात हेडफोन घालून बसायला लागा, लोक दोन दिवस बघतील. जेवणाला रोज नको, आठवड्यातून एकदा जा आणि उठायची वेळ आधीच ठरवून जा. घरच्यांना सांगा, की संध्याकाळी तासभर कुणी काही विचारायचं नाही.

तुम्हाला आकडे आवडतात म्हणून हिशेबाचं काम जमलं, हे चांगलं झालं. पण सगळ्या ऑटिस्टिक माणसांना संगणक आणि आकडे जमतात, असं हल्ली लोक धरून चालतात, त्याने इतरांचं फार नुकसान होतं. माझे विद्यार्थी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपाऱ्या सोलतात, एक जण वाचनालयात पुस्तकं जागच्या जागी लावतो. त्यांच्याही कामाची कुणीतरी वाट बघत असतं.

आमचा मुलगा ३१ वर्षांचा. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात धोबीखान्यात टॉवेल-चादरींच्या घड्या घालतो. त्याच्या कामावर सगळे खूश आहेत. पण जून आला की खोल्या रिकाम्या पडतात आणि त्याला 'ऑक्टोबरात ये' म्हणून सांगतात. तो रोज सकाळी गणवेश घालून बसस्टॉपवर जातो. अडवलं की डोकं आपटून घेतो. नोकरी सोडवावी का? – एक निवृत्त वडील, म्हापसा

नोकरी सोडवू नका. आधी एकदा दात, कान आणि पोट डॉक्टरांना दाखवून घ्या. डोकं आपटणाऱ्या माणसाला कुठे दुखत असलं तरी ते अनेकदा सांगता येत नसतं. तिथे काही नसेल तर मग कारण तुम्ही लिहिलंत तेच. गोव्यातला पर्यटनाचा मोसम आपल्याला अंगवळणी पडलेला आहे. त्याच्यासाठी मात्र एका सकाळी सगळं काढून घेतलं जातं, आणि का ते कुणी सांगत नाही.

त्याला बारा महिन्यांचं कॅलेंडर मोठ्या कागदावर करून द्या. हॉटेलचे महिने एका रंगात, पावसाचे दुसऱ्या. जूनच्या चौकटीत 'हॉटेल बंद' असं नुसतं लिहू नका, त्या जागी काय आहे ते लिहा. रिकामी चौकट त्याला झेपणार नाही. म्हणून पावसाळ्याचं दुसरं काम आत्ताच शोधा. रोपवाटिकांना जून-जुलैत हातांची गरज असते : रोपं ओळीत लावणं, पिशव्यांतलं तण काढणं, गाडीत मोजून चढवणं. मे महिन्यात दोन-तीन वेळा तिथे नेऊन आणा, म्हणजे जागा आणि वास ओळखीचे होतील. घरून निघायची वेळ तीच ठेवा. गणवेश हॉटेलचा नको, पण रोपवाटिकेसाठी एक ठरावीक शर्ट असू द्या. बस वेगळी असेल तर तिचा फोटो कॅलेंडरवर चिकटवा.

हॉटेलच्या मॅनेजरांना एप्रिलमध्येच भेटा. शेवटचा दिवस कुठला आणि परत यायचा दिवस कुठला, दोन्ही लेखी मागा, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला कागदावर तारीख दाखवून सांगावं असं म्हणा. तुमच्यापेक्षा त्यांचं म्हणणं तो जास्त मानेल. ऑक्टोबरची तारीख देता येत नाही म्हणाले, तर ऑक्टोबर हॉटेलच्या रंगात रंगवू नका. रोपवाटिकेच्या मालकांना पुढेही काम मिळेल का ते विचारून ठेवा, आणि हॉटेलचा फोन आल्यावरच चौकटीचा रंग त्याच्यासमोर बदला.